मॅडम कार्ड बघायला गेल्यात

फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये किस्से का साचतात, सांगू? माणूस शेक घ्यायला आडवा पडला की त्याला हलायचं नसतं. मोबाइल धरायला हात मोकळा नसतो, पेपर वाचायला मान उचलत नाही. मग तो बोलतो! आणि पडद्यापलीकडच्या कॉटवरचा, ज्याला कुणी काही विचारलेलंच नसतं, तो उत्तर देतो. मुलुंडच्या आमच्या क्लिनिकमध्ये मी इतकी वर्षं आहे, पण कुणाचा गुडघा कधी बरा झाला हे मला आजही फाइल उघडून सांगावं लागतं. कोण काय बोललं ते मात्र तोंडपाठ!

त्यातला एक अख्खा गठ्ठा ग्राफिक्स कार्डाचा आहे. हाडा-स्नायूंच्या माणसांना गेमिंगचं कार्ड कशाला, असं तुम्ही विचाराल. आम्हालाही तेच कळत नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण कळलेलं नाही.

आधी माणसं सांगते. शुभदा मॅडम म्हणजे आमच्या बॉस. शरीरातलं प्रत्येक हाड त्यांना नावानिशी ठाऊक, पण कंप्युटर बंद करायचा तर स्क्रीनचं बटण दाबून निघून जातात. प्रशांत कांबळे, माझ्याबरोबरचा फिजिओ, गोवंडीहून बाइकवर येतो. तो मोबाइलवर क्रिकेट खेळतो, म्हणून आमच्याकडे तो गेमिंगचा एक्स्पर्ट. रिसेप्शनला पेडणेकर ताई, राहायला भांडुपला आणि बोलायला मालवणात. आणि मी.

* * *

सुरुवात शहाभाईंच्या मानेपासून झाली.

शहाभाई घरी बसून शेअर्सची खरेदी-विक्री करतात. मान धरली म्हणून आले. मॅडमनी विचारलं, "स्क्रीन केवढा आहे तुमचा?"

शहाभाईंनी दोन्ही हात पसरायला घेतले आणि अर्ध्यातच "आई गं!" म्हणून थांबले. "मॅडम, अल्ट्रावाइड. एका टोकाला भाव, दुसऱ्या टोकाला चार्ट."

"दिवसभर टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान फिरवताय! तो स्क्रीन आधी घरातून काढा."

पुढच्या सिटिंगला शहाभाई रिक्षातून एक लांबलचक खोका घेऊन उतरले. "काढला, मॅडम. आता तुमच्याकडेच ठेवा. घरी राहिला तर मी परत लावणार!"

पेडणेकर ताईंनी खोक्याभोवती एक फेरी मारली. "ह्यां काय? टीव्ही आसा की बाकडां?"

प्रशांतने तो रिसेप्शनच्या जुन्या कंप्युटरला जोडला. समोर आमचा मनोरीच्या पिकनिकचा ग्रुप फोटो उमटला, पण रबर ताणल्यासारखा! सगळ्यांची तोंडं भाकरीएवढी. मॅडम बराच वेळ स्वतःकडे बघत राहिल्या.

"मनोरीला मी एवढी होते?"

"नाही हो मॅडम," प्रशांत घाईघाईने म्हणाला, "आपल्या कंप्युटरची ताकद कमी पडते, म्हणून असं दिसतं."

"कमी ताकदीत एवढी, तर जास्त ताकदीत केवढी दिसेन रे?"

* * *

त्या स्क्रीनचं करायचं काय, हे सामंत काकांमुळे ठरलं.

सामंत काका औषध कंपनीतून रिटायर झालेले, गाडी चालवायचं भयंकर वेड. दर गणपतीला मुलुंड ते मालवण स्वतः चालवत जायचे. मग त्यांना स्ट्रोक आला. चालायला लागले, बोलायला लागले, पण डावी बाजू त्यांच्या जगातून गेली. डोळे चांगले होते. फक्त डावीकडेही काहीतरी असतं, हे मेंदू विसरला होता. दाराच्या चौकटीला डावा खांदा रोज आपटायचा. दाढी उजव्या गालाची. आणि घरच्या जेवणाबद्दल त्यांची एकच तक्रार होती.

"आमच्याकडे हल्ली चटणी-कोशिंबीर करणं बंदच केलंय. नुसती भाजी आणि आमटी!"

चटणी-कोशिंबीर रोज असायची. ताटात डावीकडे.

मान डावीकडे वळवण्याचा व्यायाम दिला, तर काका म्हणायचे, "मला काही झालेलंच नाही, मग मी हे माकडचाळे का करू?" एकदा तर घरून गाडीची किल्ली घेऊन खाली उतरले होते. वॉचमनने अडवलं म्हणून बरं. त्या दिवशी मॅडम खूप घाबरल्या. मीही.

प्रशांत त्या लांबलचक स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मॅडम, काकांना गाडीच चालवायचीय ना? इथे चालवू दे. ह्या स्क्रीनवर ड्रायव्हिंगचा गेम लावला तर डावीकडचा रस्ता बघायला मान वळवावीच लागेल."

मॅडमचे डोळे चमकले. "लाव!"

प्रशांतने लावला. कंप्युटर रिक्षासारखा घरघरला आणि बंद पडला.

"आत ग्राफिक्स कार्ड बसवावं लागेल, चित्रं पळवणारं," प्रशांत म्हणाला.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आणि प्रशांत दुकानात गेले. इकडे एका जुन्या पेशंट बाईंचा फोन आला. मॅडम आहेत का?

पेडणेकर ताई म्हणाल्या, "नाय. मॅडम कार्ड बघायला गेल्यात."

"अय्या! कार्ड?"

"होय. भारीतलं घेणार म्हणतात. एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं."

"बरोबरच आहे! एकुलती एक मुलगी!"

ताईंना वाटलं, बाईंनी दुसराच विषय काढला. म्हणून त्या म्हणाल्या, "होय, गुणी आहे पोर." झालं! मॅडमची मुलगी सई बंगलोरला नोकरी करते. बाई सोसायटीच्या ग्रुपवर आहेत. दुपारपर्यंत क्लिनिकमध्ये पेढ्याचे दोन बॉक्स आले. एक आजी तर मुलगा कुठला, देशस्थ की कोकणस्थ, इथपर्यंत पोचल्या. मी काही सांगायला गेले की "तू गप गं, तुला मॅडमनी सांगू नको म्हटलं असेल!"

संध्याकाळी सईचा फोन आला. मॅडमनी स्पीकरवर घेतला.

"आई, माझं लग्न ठरलंय म्हणे. मुलगा मला कधी दाखवणार?"

* * *

दुकानात काय झालं ते प्रशांतकडून ऐकावं. दुकान घाटकोपरला, काचेच्या कपाटात रंगीत दिवे लुकलुकणारं. काउंटरवरचा मालक तरुण, उत्साही.

"मॅडम, गेमिंग कॉम्पिटिटिव्ह आहे की कॅज्युअल?"

"सिरियस," मॅडम म्हणाल्या. "पेशंट आहेत."

मालक जरा चपापला. "रोज किती तास बसतात?"

"बसता येणं हेच तर आमचं टार्गेट असतं."

"ओके... आणि अल्ट्रावाइड म्हणजे नेहमीच्या स्क्रीनपेक्षा जास्त लोड येणार. एफपीएस किती हवेत? सेटिंग हाय, मीडियम, लो?"

"कुणाचं?"

मग त्याने आकडे सांगायला सुरुवात केली. ह्या कंपनीचं हे, त्या कंपनीचं ते. मोठ्या आकड्याचं कार्ड भारी असतंच असं नाही. जुन्यातलं मोठं आणि नव्यातलं छोटं सारखंच चालतं. पण मेमरी बघायला हवी, ह्या स्क्रीनला आठ पुरेल, पण बारा बरी.

मॅडमनी त्याला हाताने थांबवलं. "एकच सांगा. हे ब्लड प्रेशरसारखं आहे की हिमोग्लोबिनसारखं? आकडा कमी असलेला चांगला की जास्त असलेला?"

मालकाने विचार केला. खूप प्रामाणिकपणे विचार केला. आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही खुर्चीवर बसा. मी पाणी मागवतो."

दोघं रिकाम्या हाताने परत आले.

* * *

आता आमच्याकडे शेजारशेजारच्या कॉटवर दोन तरुण पेशंट असायचे, मध्ये फक्त पडदा. इकडे रोहन, मनगट दुखावलेलं. तिकडे अमेय, कंबर. अमेयची कंबर अशी, की त्याला उठवायला मी आणि प्रशांत दोघं लागायचो. कण्हत कण्हत, एका कुशीवर, मग पाय खाली, मग दीर्घ श्वास.

प्रशांतने रोहनला सहज विचारलं, "अल्ट्रावाइडला कुठलं कार्ड घ्यावं रे?"

रोहनने एका कंपनीचं नाव घेतलं. पडद्यापलीकडून आवाज आला, "काय पण! त्याचे ड्रायव्हर बघ आधी, सॉफ्टवेअरच कच्चं!"

"ड्रायव्हर कशाला?" पेडणेकर ताईंनी मला हळूच विचारलं. "गाडी सामंत काकाच चालवणार ना?"

पण तोवर भांडण पेटलं होतं. "तुझ्या कंपनीचं कार्ड म्हणजे नुसता हीटर!" "तुझी कंपनी मेमरी द्यायला रडते!" "अरे अल्ट्रावाइडवर खेळलायस का कधी?" "तू खेळलायस?" "माझ्या मामेभावाकडे आहे!"

शेवटी अमेयला राहवलं नाही. ताडकन उठून बसला, कंबरेला मशीनच्या चारही वायरी चिकटलेल्या, पडदा सर्रकन बाजूला केला आणि रोहनच्या कॉटवर वाकून म्हणाला, "बोल! आता बोल!"

मॅडम दारातच उभ्या होत्या.

"प्रशांत," त्या म्हणाल्या, "ह्याचं बिल कर. हा बरा झाला."

* * *

ह्यांच्या भांडणातून दोन नावं उरली. दुकानवाला भला माणूस. तो दोन्ही कार्डं घेऊन स्वतः मुलुंडला आला. "मॅडम, दोन्ही तुमच्या स्क्रीनला चालतील. ठरवा फक्त."

मॅडम, प्रशांत आणि मी तिघांनीही दोन्ही खोके उलटेपालटे करून पाहिले. तेवढ्यात सामंत काका आले.

"चला, काकाच ठरवतील," मॅडम म्हणाल्या. "खेळणार ते!"

काकांना टेबलाशी बसवलं. दुकानवाल्याने दोन खोके शेजारी शेजारी मांडले आणि पाच मिनिटं छान माहिती दिली. हे थंड राहतं, ते वेगवान आहे.

"बोला काका, कुठलं?"

काकांनी उजव्या खोक्यावर बोट ठेवलं. "हे."

"एकदम पक्कं? नीट विचार करा."

"विचार काय करायचाय? हेच."

मॅडमना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी गुपचूप खोक्यांची अदलाबदल केली. "काका, परत एकदा सांगा बरं."

काकांनी पुन्हा उजव्या खोक्यावर बोट ठेवलं. आता तिथे दुसरं कार्ड होतं. "सांगितलं ना, हेच!"

दुकानवाला गोंधळला. "पण काका, आत्ता तर तुम्ही..."

काका वैतागले. "अहो, एकच तर आणलंय तुम्ही! आणि मला पसंत करायला सांगताय?"

दुकानवाल्याने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा डाव्या खोक्याकडे. मग हळू आवाजात मला म्हणाला, "मॅडम, हे रोज माझ्या दुकानात येतील का? असं पटकन ठरवणारं गिऱ्हाईक मी बघितलं नाही."

त्या वेळी जे उजवीकडे होतं ते कार्ड आम्ही ठेवून घेतलं. कुठल्या कंपनीचं, ते सांगत नाही. पडद्यामागे पुन्हा कुणीतरी उठून बसायचं.

* * *

कार्ड बसवायचं काम प्रशांतने अंगावर घेतलं. "सोपं असतं रे, व्हिडिओ बघितलाय मी."

पण कार्ड निघालं लांब, आणि आमच्या जुन्या कंप्युटरचा डबा आखूड. पायाची लांबी मोजायच्या टेपने त्याने डबा मोजला, कार्ड मोजलं, परत डबा मोजला. मग आतला एक पत्र्याचा कप्पा काढला, वायरी बाजूला सारल्या आणि कार्ड तिरकं करून आत घालायला लागला. जाईना. थोडं अजून. जाईना. प्रशांतचा हात म्हणजे आखडलेले खांदे मऊ करणारा हात. तो डब्यावर डावा तळवा ठेवून हलक्या दाबाने पुढे सरकत होता, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, तो त्या डब्याला म्हणाला,

"घट्ट नका धरू. श्वास सोडा... सोडा..."

टक् असा आवाज आला आणि कार्ड बसलं!

* * *

पेडणेकर ताईंनी कार्डाला हळदकुंकू वाहिलं, डब्यावर हार घातला, नारळ फोडला. स्क्रीनवर रस्ता उमटला, डोंगर उमटले. प्रशांतने मित्राकडून खेळातलं जुनं स्टिअरिंग आणून ठेवलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"बघा फरक!" प्रशांत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "कार्डाशिवाय हे शक्य नव्हतं."

गाडी अधूनमधून गचके खायची. दोन पावलं पुढे, एक थांबा, दोन पावलं पुढे. पण आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. "रस्ते अगदी रिअल दाखवलेत," मॅडम म्हणाल्या.

असे बरेच दिवस गेले. मग शहाभाई मान दाखवायला आले आणि आपला स्क्रीन कसा आहे ते बघायला त्याच्या मागच्या बाजूला वाकले.

"मॅडम, स्क्रीनची केबल जुन्याच जागी लावली आहे. नवीन कार्डात काही लावलेलंच नाही!"

म्हणजे कार्ड आत बसून नुसता पंखा गरगरवत होतं. ते बसवताना डब्यातली धूळ झटकली गेली, तेवढ्यावर एवढे दिवस सगळं काम जुनाच कंप्युटर धापा टाकत करत होता.

प्रशांत वाकून केबल निरखायला लागला. ताई हाराकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे आमी इतके दिवस पंख्याक हार घातलो?"

शहाभाईंनी केबल काढून कार्डात लावली. आणि काय सांगू! रस्ता तुपासारखा वाहायला लागला. डोंगरावरची झाडं मोजता यावीत! शहाभाई म्हणाले, "जरा टेस्ट करतो," आणि स्टिअरिंगवर बसले. वळणावळणाला मान डावीकडे, मान उजवीकडे. पाऊण तास झाला तरी टेस्ट चालूच.

उठताना म्हणाले, "आई गं!"

"ताई," मॅडम आतून ओरडल्या, "शहाभाईंची उद्यापासून दहा सिटिंग लिहा."

* * *

आता शेवटचं सांगते, मग चहा टाका.

सामंत काका रोज गाडी चालवायला लागले. सुरुवातीच्या दिवसांत डावीकडचं काहीही वाचायचं नाही. खांब, टपरी, उसाच्या रसाची गाडी, सगळं उडायचं. "कोण मध्ये येतंय?" म्हणून काका चिडायचे. प्रशांतने स्क्रीनच्या अगदी डाव्या कडेला एक लाल चिकटपट्टी लावली. "काका, वळण आलं की लाल पट्टी दिसेपर्यंत मान फिरवायची. ती दिसली की मगच स्टिअरिंग." काकांना व्यायाम करायचा नव्हता, पण गाडी ठोकायचीही नव्हती. हळूहळू मान जरा जरा वळायला लागली. कधी पट्टी सापडायची, कधी नाही. मध्ये एक आठवडा तर परत पहिल्यासारखं सगळं. प्रशांतचा धीर सुटत आला होता, मॅडमचा नाही.

काकांबरोबर रोज काकू यायच्या. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला अजून काही बोललेच नाही, नाही का? अगदी शांत बाई. मॅडमनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की नेहमी ह्यांच्या डाव्या बाजूला बसायचं आणि तिथूनच बोलायचं, म्हणजे ह्यांना वळावंसं वाटेल. त्या दिवसापासून काकू घरी, रिक्षात, क्लिनिकमध्ये, कायम डावीकडे. पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसायच्या. "अहो, पाणी देऊ?" म्हणायच्या. काकांना ऐकू यायचं. ते उत्तरही द्यायचे, पण उजवीकडच्या भिंतीकडे बघून. कधी प्रशांत उजवीकडे उभा असला तर त्यालाच म्हणायचे, "नको गं, आत्ताच प्यायलो." प्रशांत बिचारा "बरं" म्हणायचा. काकू नुसत्या हसायच्या आणि बाटलीचं झाकण परत लावायच्या.

त्या दिवशी घाटाचा रस्ता होता. डावीकडे मोठं वळण आलं. काकांनी मान वळवायला सुरुवात केली.

"छान," प्रशांत म्हणाला. "अजून... अजून थोडी... आली का लाल पट्टी?"

"आली," काका म्हणाले.

पण मान थांबली नाही. पट्टीच्या पुढे गेली. स्क्रीन संपला, तरी पुढे गेली. तिकडे गाडी कठडा तोडून दरीत निघाली होती, स्टिअरिंग थरथरत होतं, पण ते धरायचं आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. काकांनी हात खाली ठेवले. ते डावीकडे बघत राहिले.

मग त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य पसरलं, स्टेशनवर अचानक कुणी ओळखीचं भेटावं तसं.

"अगं," काका म्हणाले, "तू कधी आलीस?"

काकूंनी बाटली खाली ठेवली, पदर नीट केला.

"आत्ताच," त्या म्हणाल्या.